स्पॅनिश शिकायला इंग्लिशचा वळसा कशाला?

प्रश्न: ताई, मी नाशिकरोडची, वय २६. दिवाळीनंतर दोन वर्षांसाठी सेवाकार्याला बोलिव्हियात कोचाबांबाला जायचंय, मुलांच्या होस्टेलवर काम आहे. चार महिने ॲपवर स्पॅनिश करतीये, पण बोलायची वेळ आली की मनात आधी इंग्लिश वाक्य, मग त्याचं स्पॅनिश, तोवर समोरचा पुढे गेलेला असतो. सुवार्ता सांगायला जायचं आणि तोंडच उघडलं नाही तर?

उत्तर: अगं, मी कोचाबांबात सहा वर्षं होते आणि पहिले तीन महिने माझं अगदी हेच व्हायचं. नाशिकहून सिन्नरला जायला कोणी इगतपुरीवरून जातं का? मग मधलं इंग्लिश काढून टाक. 'मे गुस्ता' इंग्लिशमधून उलटं वाटतं, मराठीत ते सरळ 'मला आवडतं' आहे. 'जाते' म्हटलं की 'मी' लावावं लागत नाही, तसंच तिकडे नुसतं 'बोय'. त, द आणि साधा र आपल्यासारखेच. जपायचं ते एक, आघात. 'आब्लो'मधे आ वर जोर दिला तर मी बोलते, ब्लो वर दिला तर तो बोलला, आणि मराठीत असं काही नसल्यामुळे आपला कान तिथे फसतो, म्हणून वाचण्यापेक्षा ऐकून मोठ्याने म्हण. 'वोसोत्रोस' म्हणजे 'तुम्ही', त्याचे तक्ते पाठ करू नकोस, ते स्पेनमधलं, तिकडे 'उस्तेदेस' चालतं.

माझी खरी शाळा म्हणजे स्वयंपाकघर. तिकडे दुपारचं जेवण मोठं असतं, आधी सूप, त्यात शेंगदाण्याचं सूप तर कोचाबांबाची शान, आपल्या उपवासाच्या आमटीची आठवण येते पण शेंगदाणे कच्चेच वाटतात आणि वरून तळलेला बटाटा. घरातल्या सेन्योरा भिजलेला दाणा चिमटीत धरून साल सटकन काढून दाखवायच्या आणि म्हणायच्या, 'आसी'. म्हणजे असं! मी 'असं?' विचारायचे, त्या 'आसी, आसी' म्हणायच्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मधे इंग्लिश आलं नाही. बाजारातही तेच. ला कांचा नावाचा तिथला बाजार प्रचंड आहे, भाजी घेतल्यावर 'यापामे, कासेरिता' म्हणायचं, म्हणजे मावशी, वर थोडं टाका ना.

राहिलं सुवार्तेचं. पहिले सहा महिने तू ऐकायला गेलीयेस असं धर, मला हे कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. शेजारच्या एका आजींचा मुलगा कामासाठी अर्जेंटिनात होता, एकदा फार आजारी पडल्या, मी उशाशी बसले आणि मला धड चार वाक्यं सुचेनात. त्याच म्हणाल्या, तुझ्या भाषेत प्रार्थना कर. मी मराठीत केली, त्यांनी आमेन म्हटलं आणि मग स्वतः केचुआत, म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत, सुरू केलं, 'यायायकु...', म्हणजे हे आमच्या पित्या. त्यांच्या मुलीने नंतर समजावलं की केचुआत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे असतात, देवाशी बोलताना 'आमच्या' म्हणायचं. स्पॅनिशमधे दोन्हीला एकच शब्द, इंग्लिशमधेही एकच, आणि आमच्या बरोबरच्या युरोपातल्या सिस्टरांना हा फरक कळायला वेळ लागला, मला एका क्षणात कळला, कारण आपली प्रार्थनाही 'आमच्या'नेच सुरू होते. शेजारच्या पेरू देशात, लिमामधे, १५८४ साली स्पॅनिश, केचुआ आणि आयमारा अशा तीन भाषांत धर्मशिक्षणाचं पुस्तक छापलं गेलं, एवढा जुना आहे तिथला हा भाषांचा प्रश्न, त्यामुळे स्पॅनिश जरा बसली की थोडी केचुआ नक्की शीक.

तोवर बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात जा, पिशवीत पडेल त्या प्रत्येक भाजीचं नाव आणि भाव मनातल्या मनात स्पॅनिशमधे म्हण, आणि कोथिंबीर वर मागताना 'यापामे' आठव.