जॉइन करण्याआधी थोडं ऐक

अरे, को-पायलटच्या नोकरीचं एअरलाइनचं ऑफर लेटर आलं म्हणून काल राजवाड्यावर पेढे वाटलेस, खूप आनंद झाला बघ, पण सही करण्याआधी काकाचं ऐक. पगारात गॅरंटीड फ्लाइंग अवर्स, म्हणजे उड्डाण कमी झालं तरी ज्या तासांचे पैसे पक्के मिळतात ते, किती ते आधी बघ, आकडा मोठा दिसतो पण त्यात पक्कं किती हेच महत्त्वाचं. २०२४ च्या एप्रिलमध्ये विस्तारा एअरलाइनच्या पायलट्सचा वाद यावरूनच पेटला, एअर इंडियात मर्जर व्हायच्या आधी महिन्याची ७० तासांची गॅरंटी ४० वर आणली, लोक सिक लीव्हवर गेले आणि कितीतरी फ्लाइट कॅन्सल झाल्या.

दुसरं, दर महिन्याला पीएफचं पासबुक आणि २६एएस, म्हणजे आपल्या नावावर किती टॅक्स जमा झाला ते दाखवणारा फॉर्म, उघडून बघायचंच. माझ्या जुन्या कंपनीत पगार पंधरा दिवस लेट व्हायला लागला तेव्हा आम्ही म्हणायचो होईल सगळं ठीक, आणि पे स्लिपवर टीडीएस कापलेला, २६एएसमध्ये मात्र त्या तिमाहीची ओळच नाही! तेव्हाच उठायला हवं होतं रे. कंपनी बुडाली की विमानं असतात लीजची, ती त्यांचे मालक परत मागतात, आणि थकलेल्या पगारासाठी आपण क्लेम भरून वाट बघत बसायचं. जेट एअरवेज एप्रिल २०१९ ला बंद पडली, लिक्विडेशनचा, म्हणजे कंपनी मोडून मालमत्ता विकायचा, आदेश सुप्रीम कोर्टाने दिला नोव्हेंबर २०२४ मध्ये. साडेपाच वर्षं!

म्हणून सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेव, टाइप रेटिंगचं, म्हणजे ठरावीक विमान उडवायच्या ट्रेनिंगचं, लोन आईच्या दागिन्यांवर अजिबात काढू नकोस. नोटीस पीरियडही वाच, को-पायलटला सहा महिने असतो. रविवारी लेटर घेऊन घरी ये, पोहे खाता खाता एकेक कलम बघू.