'मज्जावरण', 'वृद्धिघटक', 'मज्जादुरुस्ती': हे शब्द चालतील का?

फोंड्याहून प्रश्न आला आहे. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या घरच्यांसाठी मराठी माहितीपत्रक तयार होते आहे. त्यात 'मायलिन' (मेंदूतल्या तंतूंभोवतीचा स्निग्ध थर) यासाठी मज्जावरण, 'ग्रोथ फॅक्टर' (पेशींना वाढीचा, जगण्याचा इशारा देणारी प्रथिने) यासाठी वृद्धिघटक आणि 'रिमायलिनेशन' (गेलेले मायलिन पुन्हा तयार होणे) यासाठी मज्जादुरुस्ती असे शब्द घेतले आहेत. ते ठेवावेत का?

व्याकरणाने तिन्ही बरोबर आहेत. तरी तिन्ही बदलावेत असे माझे मत आहे, कारण पत्रक वाचणाऱ्याच्या मनात तिन्ही शब्द वेगळेच चित्र उभे करतात.

मज्जा म्हणजे मुळात हाडाच्या पोकळीतला धातू, आयुर्वेदाच्या सात धातूंतला सहावा. तोच शब्द आपण मज्जारज्जू, मज्जातंतू, मज्जासंस्था असा पुढे नेला. ग्रीकमध्येही नेमके हेच घडले आहे. 'म्येलोस' म्हणजे हाडातली मज्जा आणि पाठीच्या कण्यातला रज्जूही. म्हणून 'मायलोमा' हा अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग, तर 'मायलायटिस' हा मज्जारज्जूचा दाह. जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५४ मध्ये 'मायलिन' हे नाव दिले तेही याच मुळावरून. तेव्हा 'मज्जावरण' व्युत्पत्तीला धरून आहे, हे खरे. पण घरची माणसे त्याचा अर्थ 'मेंदूवरचे आवरण' असा घेतील, आणि ती आवरणे निराळी. मेंदूज्वरात सुजतात ती.

'मेदावरण' हा पर्याय काही जण सुचवतील. मायलिनच्या कोरड्या वजनात ७० ते ८५ टक्के स्निग्ध पदार्थ असतात, म्हणून तो शब्द शास्त्राला धरून वाटतो. पण मेद म्हटला की घरात पहिला प्रश्न येणार तो तुपाचा आणि खोबरेल तेलाचा: वाढवायचे की बंद करायचे? मायलिनला लागणारे कोलेस्टेरॉल मेंदू स्वतः तयार करतो, जेवणातले तिथवर पोचत नाही. एवढा खुलासा करावा लागणारा शब्द पत्रकात नको.

'मायलिन' तसाच ठेवा. इन्सुलिन, पेनिसिलिन हे शब्द मराठीने पचवले आहेत. त्यांच्यासारखाच ऱ्हस्व 'लि' लिहा आणि 'मायलिनचा, मायलिनला' असे चालवा. जोडीला 'आवरण' नको, 'वेष्टन' घ्या. आवरण पिशवीसारखे वरून घातलेले वाटते. इथे ऑलिगोडेंड्रोसाइट नावाची पेशी आपल्या पातळ पापुद्र्याचे एकावर एक वेढे तंतूभोवती घालते. एकच पेशी ४०-५० ठिकाणी असे वेष्टन घालू शकते. वेष्टन सलगही नसते. उसाची कांडी डोळ्यांपुढे आणा: कांड्यावर वेष्टन, पेरावर, म्हणजे दोन कांड्यांमधल्या सांध्यावर, तंतू उघडा. संदेश या पेरावरून त्या पेरावर उडी घेत जातो, म्हणून जाड वेष्टनाच्या तंतूत त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो. वेष्टन नसलेल्या तंतूत तो दोन मीटरच्या आसपासच राहतो.

आता 'वृद्धिघटक'. आपल्याकडे गोव्यात आणि कोकणात वृद्धी म्हणजे घरात बाळ जन्मल्यावरचे सोयर. वैद्यकात यकृतवृद्धी म्हणजे अवयव फुगणे. दोन्ही अर्थ इथे घातक. 'घटक'ही बरोबर नाही, कारण घटक म्हणजे ज्यापासून वस्तू बनते ते. लॅटिनमध्ये 'फॅक्टर' म्हणजे करणारा, कर्ता. पोर्तुगीजांच्या वखारीचा कारभारी 'फेइतोर', तो याच शब्दाचा वंशज. संस्कृत 'कारक' अर्थाने त्याला अगदी जवळचा. म्हणून 'वाढकारक प्रथिने' म्हणा. 'प्रथिने' जोडले की टॉनिकचा वास येत नाही. रीटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल मिळाले ते या प्रथिनांच्या शोधासाठीच.

पण इथे 'वाढ' कशाची, ते दरवेळी सांगायला हवे. पीडीजीएफ हे प्रथिन पूर्वपेशींची, म्हणजे पुढे ऑलिगोडेंड्रोसाइट होणाऱ्या अपक्व पेशींची, संख्या वाढवते. एफजीएफ-२ त्यांना विभागत ठेवते आणि पक्व होऊ देत नाही. आयजीएफ-१ त्यांना जगवते, पक्व व्हायला मदत करते. सगळ्यांना सरसकट 'वाढवते' हे क्रियापद लावले तर वाचणाऱ्याला वाटते, औषध जास्त तेवढे मायलिन जास्त. तसे होत नाही. उंदरांत पीडीजीएफ वाढवून पूर्वपेशी भरपूर झाल्या, तरी वेष्टन लवकर झाले नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन नष्ट करणाऱ्या आजारातल्या जुन्या डागांतही पूर्वपेशी पुष्कळदा हजर असतात, पण अर्धवट वाढीवर अडकलेल्या. शिवाय ही प्रथिने रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाहीत, त्यामुळे साधे इंजेक्शन देऊन काम भागत नाही.

राहिली 'दुरुस्ती'. दुरुस्ती म्हटले की जुन्याला ठिगळ. इथे जुने मायलिन जोडले जात नाही. मायक्रोग्लिया (मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी) आणि भक्षक पेशी आधी त्याचे तुकडे उचलतात. तो कचरा पडून राहिला तर पूर्वपेशी पक्व व्हायला अडखळतात. मग बहुतांशी नव्या पेशी नवे वेढे घालतात. पावसाआधी घर शाकारतात ना, तसे: कौले उतरवायची, पालापाचोळा झाडायचा, मग छप्पर. फरक एवढाच की शाकारताना धड कौले परत चढतात, इथे जुने काहीच परत येत नाही. म्हणून शीर्षकात 'पुनर्वेष्टन' लिहा आणि समजावताना शाकारणीचा दाखला द्या. नवे वेष्टन आधीपेक्षा पातळ, कांडी आखूड. तेव्हा 'पूर्ववत होते' हे शब्द पत्रकातून काढाच.

क्रियापदाचा काळही जपा. 'वाढकारक प्रथिने मायलिन दुरुस्त करतात' या वाक्याने घरचे उद्याच डॉक्टरांकडे ते औषध मागतील. त्याऐवजी असे लिहा: 'काही वाढकारक प्रथिने मायलिनच्या पुनर्वेष्टनाला मदत करतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे, रुग्णांसाठी हा अजून ठरलेला उपचार नाही.'