‘काही खातच नाही’ आणि डब्याची मागची बाजू

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे ‘आमचा काही खातच नाही’ इथूनच सुरू होतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पुढच्या ओळीत दुधात घालायच्या एखाद्या पावडरीचं नाव असतं. त्यामुळे एका उत्तराने जास्त जागा खाल्ली आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : रात्री दहीभात किंवा केळं दिलं तर मुलांना सर्दी होते का? (सहकारनगर)

नाही. सर्दी विषाणूंमुळे होते. मुलाला दमा असेल आणि एखाद्या पदार्थानंतर खोकला वाढल्याचं तुम्ही स्वतः दोन-तीनदा पाहिलं असेल, तर तेवढं तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

प्रश्न : गोड खाल्लं की जंत होतात असं सासूबाई म्हणतात. खरं आहे का? (हडपसर)

गोडाने दात किडतात. जंतांची अंडी मातीतून, न धुतलेल्या हातांतून आणि नीट न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. शाळेत-अंगणवाडीत जंतांची गोळी देतात, ती घेऊ द्या. आणि सासूबाई साखरेच्या डब्यावर लक्ष ठेवत असतील तर ठेवू द्या. त्यांनी दिलेलं कारण चुकीचं असलं तरी काम बरोबर आहे.

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवायचा आहे. चालेल ना? (कसबा पेठ)

एक वर्ष पूर्ण होईपर्यंत थेंबभरही नाही. मधात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे एवढ्या लहान बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, त्यात स्नायू लुळे पडतात. अंगठी सोन्याची असली तरी.

प्रश्न : दीड वर्षाची मुलगी मोबाईल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. (बाणेर)

ती जेवत नाहीये, तिला भरवलं जातंय. समोर काय आहे, पोट कधी भरलं, हे तिला कळतच नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते उगाच नाही. बंद केलात की तीन-चार दिवस रडारड होईल, जेवण कमी होईल. होऊ द्या. तुमच्यासोबत जमिनीवर बसवा, तिच्या ताटलीत वरणभात आणि पोळीचा तुकडा ठेवा, सांडू द्या, वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचला. वाटी घेऊन सोसायटीभर मागे फिरू नका. मात्र घास गिळताना ठसका लागत असेल किंवा वजन उतरत असेल, तर हे प्रयोग घरी करत बसू नका, दाखवून घ्या.

प्रश्न : चार वर्षांची मुलगी खडू आणि भिंतीचे पोपडे खाते. तीन महिने झाले. आपोआप जाईल का? (धायरी)

तीन महिने कशाची वाट पाहिलीत? हे बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. रागावून थांबत नाही. याच आठवड्यात डॉक्टरांकडे नेऊन हिमोग्लोबिन तपासा. जुन्या रंगाचे पोपडे असतील तर तेही सांगा, त्यात शिसं असू शकतं. लोहाचं औषध मनाने सुरू करू नका.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, शेजारच्या मुलापेक्षा बारीक. जेवत नाही म्हणून सकाळ-संध्याकाळ दुधातून जाहिरातीतली पावडर देते. ती बदलून दुसरी कुठली देऊ? (कोथरूड)

कुठलीच नाही. आणि शेजारचा मुलगा हे मोजमाप नाही. उंची-वजन वाढीच्या तक्त्यावर मांडल्याशिवाय तो बारीक आहे की तुमच्या घराण्याच्या अंगलटीचा आहे, हे मलाही सांगता येणार नाही.

आता हिशोब करू. माझ्या टेबलावर असाच एक डबा आहे. मागच्या बाजूला 100 ग्रॅममध्ये 32 ग्रॅम साखर लिहिली आहे. दोन भरगच्च चमचे म्हणजे 20 ग्रॅम पावडर, दोन वेळा मिळून 40. साखर झाली सुमारे 13 ग्रॅम. शिवाय कपात तुम्ही वरून एकेक चमचा घालताच, ते दोन्ही मिळून आठ ग्रॅम. एकूण 21. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत आणि जमल्यास 5 टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते. सात वर्षांच्या मुलाला हे 5 टक्के साधारण 20 ग्रॅम होतात. म्हणजे बिस्कीट, जॅम, केचप यांना हात लावायच्या आधीच ती मर्यादा दुधात संपली. सात वाजता असं दूध पोटात गेल्यावर मधल्या सुट्टीत डब्यातली भाजी-पोळी परत येणार नाही तर काय? दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं तर भूक मरते, आणि जेवणातून मिळायचं लोहही राहून जातं.

‘पण ते हेल्थ ड्रिंक आहे ना?’ आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाही. म्हणूनच एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना ही पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या यादीतून काढायला सांगितली. यादी बदलली, आपल्या तोंडातला शब्द नाही बदलला. कॅल्शियमच हवं असेल तर 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. भाकरी करा, आंबील करा.

आणि हे सगळं तुम्ही वाचून उपयोग नाही, मुलाने वाचायला हवं. मागे एक नऊ वर्षांची मुलगी आली होती. तिला हाच डबा दिला, स्टीलची ताटली आणि साखरेचा डबा दिला, म्हटलं, यातल्या 100 ग्रॅम पावडरीत आहे तेवढी साखर काढून दाखव. चार ग्रॅमचा एक, असे आठ चमचे तिने मोजून टाकले आणि ढिगाकडे बघत राहिली. मग घटकांची यादी वाचली. ज्याचं वजन जास्त ते आधी लिहावं लागतं, हे सांगितल्यावर दुसऱ्या क्रमांकावर साखर तिनेच शोधली, खाली लिक्विड ग्लुकोजही सापडलं. साखर अशी दोन-तीन नावांत वाटली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं, ही त्यातली गंमत. तिने विचारलं, ‘मग डब्याच्या पुढच्या बाजूला शक्ती का लिहिलंय?’ आई गप्प. मुलाला दामटून हे पटणार नाही; एक डबा, एक ताटली आणि रविवारची दहा मिनिटं द्या. मंडईत न्या, एक भाजी त्याला निवडू द्या, निवडली तर घरी तीच करा, मग ती सुरण का असेना.

पावडर आज बंद करा, दूध साधं द्या, आणि पंधरा दिवसांत उंची-वजन मोजून घ्या.

प्रश्न : जुलाबात ओआरएस म्हणून दुकानदाराने गोड ज्यूसचा खोका दिला. दिला तर चालतो ना? (बिबवेवाडी)

नाही! जुलाबात जास्त साखर गेली तर जुलाब वाढतात. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असलेली पावडर घ्या आणि त्यावर लिहिलं आहे तेवढ्याच पाण्यात कालवा. बाळ सुस्तावलं, लघवी कमी झाली तर रात्र काढू नका.

प्रश्न : भूक वाढवणारं चांगलं टॉनिक कुठलं? बाटल्यांचे फोटो पाठवत आहे. (वाकड)

फोटो नकोत. मूल घेऊन या.