सोसायटीच्या ग्रुपवरचा फोटो

जेल रोड, नाशिकरोड

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

कागदावरचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. लष्कराच्या संपर्क-जाळ्याच्या तुझ्या कामाबद्दल फोनवर जितकं कमी बोलावं तितकं बरं. शिवाय मला राग आला की मी हिंदीत जातो. अठ्ठावीस वर्षं फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संपर्क विभागात, काढल्यावर राग मराठीत येतच नाही.

परवा वहिनींनी, म्हणजे तुझ्या आईनं, सोसायटीच्या ग्रुपवर तुझा फोटो टाकला. 'आमची लेक देशाच्या कामाला.' खाली ढीगभर अंगठे आणि हात जोडलेली चित्रं. तू रॅकसमोर उभी, गळ्यात पास. मी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. तुझ्या उजव्या खांद्यामागे तारा जोडायची पाटी, पॅच पॅनेल, होतं आणि त्यावरची सहा लेबलं मला स्वच्छ वाचता आली. कोणती फायबर कोणत्या इमारतीला जाते ते. पासवर ठिकाणाचं नावही होतं. माझे डोळे साठी ओलांडलेले. ज्याला वाचायचंच आहे त्याला तर आणखी दिसेल. मी वहिनींना तो फोटो ग्रुपवरून पुसायला लावला. त्या खट्टू झाल्या. त्यांची समजूत तू काढ, माझ्याच्यानं होणार नाही.

रात्री तुझा फोन आला तेव्हा तू रडवेली होतीस. पण त्यात तू जे सांगितलंस त्यासाठीच हे पत्र लिहितोय. फोटो मौजेखातर काढला नव्हता. पॅनेलची जुनी जोडणी तुला उमगत नव्हती, पुण्यात बसलेल्या वरिष्ठांना दाखवायची होती. अधिकृत कॅमेऱ्यानं फोटो काढून घ्यायचा तर परवानगीला दोन दिवस. खोलीत बाहेर बोलायला लँडलाइन नाही. म्हणून गेटवरच्या पेटीत एक फोन जमा करायचा आणि दुसरा मोज्यात घालून आत न्यायचा, असं तुमची सगळी टीम करते. म्हणजे पेटी आहे, रजिस्टर आहे, सही आहे आणि खोलीत सात फोन आहेत.

तुला ओरडायला बसलो होतो, पण तो पेटीचा किस्सा ऐकल्यावर राग निम्मा ओसरला. पोरी, लष्कराच्या जाळ्याचं आधुनिकीकरण म्हणून तुम्ही जे करायला गेलाय ना, त्याचा सगळा गुंता त्या मोज्यात आहे. सुरक्षित वाट लांबची आणि असुरक्षित वाट जवळची असेल, तर घाईतला माणूस जवळचीच धरतो. तो देशद्रोही नसतो. बहुतेक वेळा कामसूच असतो, आळशी माणूस कशाला मोज्यात फोन लपवेल?

जबलपूरला आमचे एक उस्ताद होते. ते म्हणायचे, मशीन को मत कोस, मशीन पर बैठे आदमी को देख. तेव्हा ते फारसं कळलं नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट वाचली तेव्हा उमगलं. जर्मनांच्या वरच्या हुकमांसाठी लोरेन्झ नावाचं सांकेतिक टेलिप्रिंटर यंत्र होतं, त्यांच्याच एनिग्मा या सांकेतिक यंत्राहून किचकट. 30 ऑगस्ट 1941 ला एका ऑपरेटरनं सुमारे 4,000 अक्षरांचा संदेश पाठवला. पलीकडून उत्तर आलं, नीट मिळाला नाही, पुन्हा पाठव. एवढं सगळं पुन्हा बडवायचं! त्यानं चाकं बदललीच नाहीत, तीच किल्ली, म्हणजे चाकांची तीच मांडणी, पुन्हा लावली. वर कंटाळून काही शब्द छोटे केले. एकाच किल्लीवरचे जवळजवळ सारखेच दोन संदेश इंग्रजांच्या हाती लागले. त्यांनी ते यंत्र कधी पाहिलेलंही नव्हतं, पण या एका चुकीवरून त्याची आतली रचना कागदावर मांडली. यंत्र पक्कं होतं. माणूस दमला होता, आणि दमलेल्या माणसाला तीच किल्ली पुन्हा लावता येऊ नये याची तजवीज कुणी केली नव्हती.

2008 साली अमेरिकेच्या लष्कराचंही तेच झालं. मध्यपूर्वेतल्या त्यांच्या तळावर एका लॅपटॉपला कुणीतरी पेन ड्राइव्ह लावला आणि त्यातून किडा गोपनीय जाळ्यापर्यंत पोहोचला. साफसफाईला वर्षाहून अधिक लागलं. त्यांनी पेन ड्राइव्हवर बंदी घातली ती ठीकच. पण मला तेव्हा वेगळाच प्रश्न पडला होता: तो तिथं लागतच का होता? दोन जाळी मुद्दाम तोडून वेगळी ठेवायची आणि एकीकडची फाइल दुसरीकडे न्यायला धड वाट द्यायची नाही, मग मधली वाट खिशातूनच जाणार. तुमच्या आराखड्यात जाळी वेगळी ठेवलेली असतील, असलीच पाहिजेत. मग फाइल इकडून तिकडे कशी जाईल तेही त्याच पानावर लिहा: कोण तपासणार, किती मिनिटांत, तो माणूस रजेवर असला तर कोण. 'किती मिनिटांत' हे लिहिलं नाहीत तर बाकी सगळं पाणी घातलेल्या आमटीसारखं.

पासवर्डचंही तसंच. दर तीस दिवसांनी बदला म्हटलं की जवान महिन्याचं नाव आणि साल लावतो किंवा चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवतो. अमेरिकेच्या मानक संस्थेनं 2017 मध्येच सांगितलं की कारण नसताना ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका. तरी आपल्याकडे ते तीस दिवस कुणाच्या तरी हातून फाइलीत लिहिले जातातच. तुला जमलं तर कार्ड आणि पिन धर. आणि एकदा हातमोजे घालून तो पिन स्वतः दाबून बघ. सियाचिनला जायची गरज नाही, थंडीत पहाटे पाचला त्र्यंबकच्या रस्त्यावर दुचाकी चालवून आलीस तरी बोटांना कळेल.

आता तुझं दुसरं वाक्य. 'काका, इथलं सगळं पुराणकाळातलं आहे, उपटून फेकायला हवं.' वाटतं खरं तसं. पण फौजेत नवं येईपर्यंत जुनं चालवावंच लागतं, आणि नव्याला उशीर होतो. मी पेन्शनवर आलो त्या वर्षी, 2012 मध्ये, मंत्रिमंडळानं फौजेच्या वेगळ्या फायबर जाळ्याला 13,334 कोटी मंजूर केले. फौजेनं मोबाइल कंपन्यांसाठी स्पेक्ट्रम मोकळा करायचा आणि (म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा) आणि बदल्यात तिन्ही दलांना स्वतःची फायबर मिळायची, टाकायची बीएसएनएलनं. 2018 मध्ये त्यात आणखी 11,330 कोटींची भर घालावी लागली. सहा वर्षांत मोबाइलच्या किती पिढ्या उलटल्या ते तूच मोज. हवाई दलाचं स्वतःचं जाळं, एएफनेट, त्याआधी, सप्टेंबर 2010 मध्ये सुरू झालं होतं. तेव्हा आम्ही मेसमध्ये त्यांच्या नावानं जळलो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. सांगायचं एवढंच, की तुमच्या रॅकमधला जाळं जोडणारा स्विच आज नवाकोरा असला तरी तो पंधरा वर्षं तिथं बसणार आहे असं धरून काम कर. त्याचं सॉफ्टवेअर बाहेरच्या इंटरनेटशिवाय कसं बदलायचं, ते आधी कुठल्या दोन-चार यंत्रांवर करून बघायचं, हे आजच ठरव. 19 जुलै 2024 ला एका सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे 85 लाख संगणकांचे पडदे निळे होऊन ते बंद पडले. घात कुणीच केला नव्हता. सगळीकडे एकदम पाठवण्याची घाई तेवढी होती.

जुनं उपटण्यावरून माझी स्वतःची एक फजिती सांगतो. ठिकाण सांगत नाही, तूही तुझं सांगू नकोस. आम्ही एका छावणीतलं जुनं टेलिफोन एक्स्चेंज बदलत होतो. रजिस्टरमधल्या तारांच्या सगळ्या जोड्यांची यादी मी केली, सही माझी. रात्री बाराला जुनं बंद, दोनला नवं चालू, चारला साहेबांचा फोन खणखणला, शाबासकी मिळाली, चहाबरोबर भजी झाली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास एक संत्री, पहाऱ्यावरचा जवान, चार किलोमीटर चालत आला. त्याच्या चौकीचा फोन रात्रीपासून मुका. ती चौकी माझ्या यादीतच नव्हती! काही वर्षांपूर्वी कुठल्याशा सरावासाठी एका लाइनमननं 'तात्पुरती' जोडी ओढली होती. सराव संपला, लाइनमनची बदली झाली, जोडी राहिली, आणि ती चौकी तिच्यावरच जगत होती. त्या रात्री काही झालं नाही. पण त्या भागात घोणस भरपूर होती, आणि पोराला साप चावला असता तर त्यानं कुणाला सांगितलं असतं? मला साहेबांनी जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

म्हणून रजिस्टरवर विश्वास ठेवू नकोस. रजिस्टर घेऊन तिथल्या सर्वात जुन्या लाइनमनबरोबर चाल, प्रत्येक डबा उघडून बघ. त्याला तुझं इंग्रजी येत नसेल, पण कुठली तार कुणाची हे त्याच्या पायांना माहीत असतं. त्याच्या निवृत्तीची तारीख तुमच्या प्रकल्पाच्या तारखेच्या आधी आहे का तेही विचार, बहुतेक असतेच. आणि काही सापडलं नाही तर एकेक पोर्ट दिवसाढवळ्या, दहा मिनिटं, सांगून बंद कर आणि कोण ओरडतं ते बघ. रात्री एकदम नको. जुनं आणि नवं काही आठवडे शेजारी शेजारी चालू दे. परत फिरायची वाट बंद करून पुढे जाणं वाचायला शूर वाटतं, एक्स्चेंजच्या खोलीत तो मूर्खपणा असतो.

अजून एक बारीकसं, पण तुला कुणी सांगणार नाही. संरक्षण मंत्रालयानं 2023 मध्ये इंटरनेटला जोडलेल्या संगणकांवर विंडोज काढून लिनक्सवर उभी केलेली माया प्रणाली बसवायला घेतली. पाऊल योग्य. पण ऑफिसातल्या क्लार्कला त्या सुरक्षेचं काय? त्याची वीस वर्षांची हिंदी पत्रं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. नव्या यंत्रावर ती उघडली आणि 'सैनिक' ऐवजी पाच रोमन अक्षरांचा कचरा दिसला, की तो जुनं खोकं कपाटामागे चालू ठेवतो. मग ते खोकं यादीत नाही, त्याला अपडेट नाही, आणि शत्रूला तेच हवं असतं. फॉन्ट बदलून देणारी छोटीशी आज्ञावली आधी दे, मग नवी प्रणाली. लाखोंची भिंत बांधताना त्या क्लार्कशी अर्धा तास बोलायला कुणाला वेळ नसतो.

देखरेखीच्या पडद्यांबद्दल विचारलंस. तुमच्या नियंत्रण खोलीत बारा पडदे आणि हजारो लाल-पिवळे ठिपके, बरोबर? आपल्या गंगेवरचा, म्हणजे गोदावरीतला, दुतोंड्या मारुती आठव, ज्याच्यावरून नाशिककर पूर मोजतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे पाटबंधारेवाल्यांना कळतं. पण भांडीबाजारातला दुकानदार विचारतो, मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला म्हटलं की तो चहा पितो, कमरेला म्हटलं की माल माळ्यावर चढवायला लागतो, छातीला म्हटलं की शटर ओढतो. आकडा एकच, पण प्रत्येक पायरीला काय करायचं ते ठरलेलं आणि सगळ्यांना ठाऊक. रात्री ड्यूटीवर बावीस वर्षांचा पोरगा असेल, त्याला असा मारुती दे. कशाला गुडघा म्हणायचं, कशाला छाती, आणि छातीला आलं की साहेबांची झोपमोड करायला त्याला कुणाची परवानगी लागणार नाही, हे लिहून दे.

आजची सांकेतिक कुलपं फोडू शकणाऱ्या क्वांटम संगणकाचं तू विचारलंस ते माझ्या आवाक्याबाहेरचं. इतकंच कळतं की ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेनं त्याला पुरून उरतील अशी नव्या सांकेतिक पद्धतींची पहिली तीन मानकं पक्की केली, आणि फौजेची काही गुपितं तीस-तीस वर्षं टिकावी लागतात. आजचा संदेश कुणी आज साठवून उद्या उघडेल, ही भीती खोटी नाही. तेव्हा किल्लीची पद्धत उद्या बदलता येईल असंच यंत्र घ्या, एवढं वरिष्ठांना सांग. बाकी त्यांचं ते बघतील.

सोमवारी गेलीस की पहिलं काम: खोलीत एक लँडलाइन मागून घे आणि कॅमेऱ्याची परवानगी दोन दिवसांवरून दोन तासांवर कशी येईल ते तिथल्या साहेबांना विचार. मागताना पेटीची आणि मोज्यांची गोष्टही सांग. टीमची नावं घेऊ नकोस, पण पहिलं नाव तुझं स्वतःचं घे. रागावतील. रागावू दे, तुला एकदाच तर ऐकून घ्यायचंय. लेबलं कुणाकुणाच्या फोनवर गेली असतील तेही सांगून टाक. बदलायची की नाही ते त्यांनी ठरवायचं, आपण लपवायचं नाही.

सिंहस्थाच्या कामांसाठी इथं सगळीकडे रस्ते खोदून ठेवलेत. गेल्या आठवड्यात जेसीबीनं आमच्या गल्लीची इंटरनेटची फायबर दोनदा तोडली, म्हणून तुझा व्हिडिओ कॉल लागला नाही. तुझ्या काकूनं शेवया वाळवल्यात, येशील तेव्हा ने. वहिनींना ग्रुपवर टाकायला फोटो हवाच असेल तर घाटावर जाऊन मारुतीशेजारी काढू. त्याच्या पाठीमागे लेबल नाही.

तुझा,
काका