ग्रांद शार्त्रूझ: ‘मठात आतून प्रवेश’ विकत घेण्याआधी

पैसे भरू नका. निदान त्या एका ओळीसाठी तरी नाहीच.

तुम्ही लिहिलंय की मुलगी फ्रान्समध्ये ग्रनोब्लला शिकते, जूनमध्ये तुम्ही दोघं तिच्याकडे जाताय आणि इथल्या एका प्रवास कंपनीने ग्रांद शार्त्रूझ या तिथल्या डोंगरातल्या जुन्या ख्रिस्ती मठाची दिवसभराची सहल देऊ केली आहे. मठ आतून पाहणं, संन्याशांची भेट, त्यांच्या हिरव्या शार्त्रूझ लिकरची (वनस्पतींपासून केलेल्या गोड, कडक दारूची) चव आणि ‘थेट मठातून’ दोन बाटल्या. माणशी आगाऊ रक्कम मागतायत, ती भरावी का? ‘विशेष परवानगीने मठात प्रवेश’ हे शब्द वाचले आणि जुनी जखम ठसठसली. अगदी हेच शब्द छापलेली कार्यक्रमपत्रिका माझ्याकडे अजून आहे. कंपनी तीच की दुसरी ते मला माहीत नाही, नाव विचारत नाही आणि माझ्या वेळचं नाव सांगणारही नाही. कृपया व्यक्तिगत निरोप पाठवून विचारू नये.

व्हिसा, विमा, पॅरिसहून ग्रनोब्लची गाडी यावर लिहीत नाही. मुलगी तिथे आहे, तिला ते आपल्यापेक्षा बरं कळतं.

मुद्द्याचं एवढंच की तो मठ पर्यटकांसाठी बंद आहे. तिकीट नाही, ओळख चालत नाही, देणगी देऊन दार उघडत नाही. १०८४ साली ब्रूनो नावाचे धर्मगुरू सहा सोबत्यांना घेऊन त्या रानात गेले, ते माणसांपासून दूर राहायला. तिथून पुढे कार्थुसियन पंथ वाढला आणि आजही हाच त्यांचा मूळ मठ आहे. ११३२ मध्ये हिमकडा कोसळून पहिली वस्ती गाडली गेली, पुढे कितीदा आगी लागल्या, आत्ता दिसते ती इमारत सतराव्या शतकाच्या शेवटची. एवढं होऊन नियम मात्र फारसा हलला नाही. प्रत्येक संन्यासी आपापल्या छोट्या घरात एकटा राहतो, काम-प्रार्थना-जेवण तिथेच, जेवण भिंतीतल्या झरोक्यातून आत सरकवलं जातं. मांस नाही. मध्यरात्री उठून सगळे चर्चमध्ये जमतात, दोन-तीन तास प्रार्थना करून पुन्हा आपल्या खोलीत. मोकळेपणाने बोलायची मोठी संधी म्हणजे आठवड्यातून एकदा सगळे मिळून रानात लांब फिरायला जातात तेव्हा. सख्ख्या आईवडिलांनासुद्धा भेटीला वर्षातून दोन दिवस मिळतात. स्वतः संन्यास घ्यायचा विचार करणाऱ्या पुरुषाला काही दिवस आत राहून बघता येतं, ती वाट वेगळी, आणि ती प्रवास कंपनीतून जात नाही. बाईमाणसाला तर प्रश्नच नाही. माझ्या कार्यक्रमपत्रिकेत ‘विशेष परवानगी’च्या यादीत माझं नाव होतं, जाऊबाईंचं होतं आणि तिच्या अकरावीतल्या मुलीचंही होतं. ज्याने ती यादी टाइप केली त्याने कुणाला एक फोनही केला नसणार, हे एवढ्यावरूनच कळतं.

आता माझी कहाणी, थोडक्यात सांगायचा प्रयत्न करते (जमणार नाही).

कार्यालय चकचकीत, चहा-बिस्किटं, भिंतीवर आयफेल टॉवर. मी स्पष्ट विचारलं होतं की बायकांना चालतं ना. ‘होऊन जाईल मॅडम, आपले लोक आहेत तिथे.’ या ‘होऊन जाईल’चं काय करावं ते मला आजवर कळलेलं नाही. नाही म्हणायचं नाही हाच त्यांचा धंदा. बरं, सहल ठेवली डिसेंबरात. मठापासून दोनेक किलोमीटर अलीकडे ला कोररी म्हणून जागा आहे, तिथे त्यांचं संग्रहालय आहे, आणि सामान्य माणसाला या मठाचं आयुष्य बघायला मिळतं ते तिथेच. ते हिवाळ्यात बंद असतं. म्हणजे ज्या दिवशी आम्हाला नेलं, त्या दिवशी तिथे उघडं असं काहीच नव्हतं. बर्फ, रिकामा वाहनतळ, आणि इथून पुढे शांतता पाळा अशी पाटी. गाडीचालक तिथलाच होता. त्याला आमचा कागद दाखवला तर तो आधी हसला, मग आमचे चेहरे बघून गप्प झाला. म्हणाला, हे तुम्हाला कुणी विकलं? आमच्या फ्रान्समध्ये हे कुणी विकू शकत नाही. त्या बिचाऱ्याला फक्त ‘नेऊन आणा’ एवढंच सांगितलेलं होतं.

परत आल्यावर खरा खेळ. पहिलं उत्तर आलं: मठाने ऐनवेळी परवानगी नाकारली. अहो, मागितली कधी होती? दुसरं उत्तर: हवामान. तिसरं: स्थानिक भागीदाराच्या उत्तराची वाट पाहत आहोत. मग एक व्हाउचर देऊ केलं, पुढच्या सहलीवर सूट, मुदत एक वर्ष. दर वेळी सही नव्या माणसाची, दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगा. ज्यांनी ‘होऊन जाईल’ म्हटलं होतं ते म्हणे आता कंपनीत नाहीत. आणि प्रत्येक ईमेलच्या शेवटी ‘आपल्या भावनांची आम्ही दखल घेतली आहे’. भावना कुठल्या, मी पावती क्रमांक पाठवत होते.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार टाकली तेव्हा चक्रं हलली, आणि सुनावणीच्या आधीच त्या दिवसाचे पैसे खात्यात आले. हे लिहिण्याचं कारण म्हणजे बरेच जण इथवर येतच नाहीत, कोर्ट-वकील म्हणून घाबरतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघायलाही हरकत नाही. मी वकील नाही, तुमच्या प्रकरणात काय लागू होतं ते जाणकाराला विचारा. पण फोनवरच्या आश्वासनाचा पुरावा नसतो, म्हणून प्रत्येक ‘हो’ ईमेलवर मागून घ्या. तुमच्या कंपनीला आजच एक ओळ लिहा: मठात प्रवेश नक्की कोण देणार, आणि न मिळाल्यास त्या भागाचे पैसे परत मिळतील का? उत्तर येतं का, काय येतं, यावरून ठरवा. मला विचाराल तर तो दिवस यादीतून काढूनच टाका आणि मुलीबरोबर स्वतः जा.

मला राग पैशांचा आहेच, पण त्याहून जास्त याचा की पाऊण तासावर व्वारों गावात शार्त्रूझची तळघरं आहेत. तिथे रीतसर तिकीट काढून जाता येतं, माहिती देतात, शेवटी चव देतात. लिकर मुरवण्याचं १६४ मीटर लांबीचं तळघर आहे ते. आमच्या कार्यक्रमात त्याचं नावसुद्धा नव्हतं. जे मिळू शकत होतं ते दिलं नाही आणि जे जगात कुणाला मिळत नाही ते विकलं.

जूनमध्ये ला कोररी उघडं असतं, त्यामुळे तुमचं नशीब आमच्यापेक्षा बरं. सकाळी तिथे जा. मठाकडचा रस्ता मोटारींना बंद आहे, पायी चालत भिंतीपर्यंत जाता येतं. हळू बोला, दार वाजवू नका, आत काय दिसतंय म्हणून मोबाइल उंच धरू नका (आपल्याकडच्या मंडळींना हे सांगावं लागतं, क्षमस्व). गुडघे ठीक असतील तर तसंच पुढे रानात चढून जा, जुन्या वस्तीच्या जागी दोन छोटी प्रार्थनाघरं आहेत. मठाच्या डोक्यावर २०२६ मीटरचा ग्राँ सोम उभा आहे, तो चढायचा मात्र मुलीवर सोडा. दुपारी व्वारों. तिकडची वेळ तिच्याकडून आधी ऑनलाइन आरक्षित करून घ्या.

आता लिकरबद्दल, कारण ‘थेट मठातून बाटल्या’ ही दुसरी थाप. लिकर मठात गाळत नाहीत. १३० वनस्पती मठात आणतात, तिथेच निवडून, वाटून त्यांची मिश्रणं होतात, आणि मग ती पोती खाली एग्न्वारच्या कारखान्यात जातात. आधी हे गाळप व्वारोंला होत असे, त्याही आधी फूर्व्वारीला. फूर्व्वारीची इमारत १९३५ मध्ये दरड कोसळून गेली. संपूर्ण कृती एका वेळी दोन-तीन संन्याशांनाच ठाऊक असते. मूळ हस्तलिखित १६०५ साली पॅरिसच्या कार्थुसियनांना एका सरदाराकडून मिळालं. इतकं किचकट की अठराव्या शतकात मठातल्या औषधी जाणणाऱ्यांनी ते उलगडलं तेव्हा कुठे काही हाती लागलं. नेपोलियनच्या काळात सरकारने सगळ्या गुप्त औषधांच्या कृती तपासायला मागवल्या, ही पण गेली, आणि ‘नामंजूर’ शेरा घेऊन परत आली. सरकारी कार्यालयाने नाकारल्याचा इतका फायदा क्वचितच कुणाला झाला असेल.

१९०३ मध्ये तर फ्रेंच सरकारने संन्याशांनाच हाकललं आणि त्यांचं नाव विकून टाकलं. विकत घेणाऱ्यांनी त्या नावाने लिकर काढली, पण कृती कुठे होती त्यांच्याकडे? संन्यासी स्पेनमध्ये तारागोनाला जाऊन खरी बनवत राहिले. नावावाली कंपनी १९२९ मध्ये बुडाली आणि नाव परत संन्याशांकडे आलं. मला हा भाग फार आवडतो, कारण उघड आहे.

बाटली मिळेल का? सांगता येत नाही. जगभर मागणी वाढली तेव्हा त्यांनी २०१९ मध्ये ठरवलं की उत्पादन वाढवायचं नाही. प्रार्थनेचा वेळ कारखान्याला द्यायचा नाही, आणि डोंगरावर, झाडापाल्यावरही ताण नको. २०२३ च्या सुरुवातीला हे पत्रातून जाहीर झालं तेव्हा जगभरच्या बारवाल्यांची तारांबळ उडाली. त्यामुळे ‘आमच्या कोट्यातून दोन बाटल्या नक्की’ असं कुणी म्हणालं तर त्याची किंमत ‘विशेष परवानगी’इतकीच. व्वारोंच्या दुकानात त्या दिवशी जे असेल ते घ्या, माणशी मर्यादा असू शकते. इंटरनेटवर दुप्पट-तिप्पट भावाने घेऊ नका, हे माझं वैयक्तिक मत.

हिरवी ५५ टक्के मद्यार्काची, पिवळी ४३ टक्क्यांची आणि जास्त गोड, केशरी-मधाळ. हिरवीची चव आधी पुदिना-बडीशेप आणि मागून गळ्यात उतरताना आजीच्या काढ्यासारखी. रंग वनस्पतींचाच, कृत्रिम काही नाही. तुम्ही सासऱ्यांना ‘आयुर्वेदिक टाइप’ म्हणून देणार आहात असं लिहिलंय, तर जरा थांबा. आपल्या आसव-अरिष्टांत आंबवताना तयार होतो तेवढाच मद्यार्क असतो, ही गाळलेली कडक दारू आहे. लाकडी नळकांड्यातली छोटी बाटली मिळते, एलिक्सिर, ती ६९ टक्क्यांची. साखरेच्या खड्यावर थेंब टाकून घेतात. रक्तदाब, मधुमेह, झोपेच्या गोळ्या यातलं काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नको. मी डॉक्टरही नाही.

आणताना: चेक-इन सामानात २४ ते ७० टक्क्यांच्या मधली दारू, न उघडलेल्या मूळ बाटलीत, माणशी पाच लिटरपर्यंत साधारण चालते. ७० च्या वर अजिबात नाही. एलिक्सिर त्या रेषेच्या एक टक्का आत आहे, म्हणून काउंटरवर कुणी डोळे वटारले तर लेबल दाखवा. विमान कंपनीचा नियम वेगळा असू शकतो, आधी बघा. भारतात माणशी दोन लिटर जकातीशिवाय आणता येते. हिरवी बाटली ७० सेंटिलिटरची, म्हणजे दोन बसतात. तिसरी घेतलीत की शंभर मिलिलिटरने मर्यादा ओलांडली आणि जकात भरा. दोन मोठ्या आणि एक एलिक्सिर असं गणित नीट बसतं, तेवढ्या मिळाल्या तर. बाटल्या कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा, त्या लाकडी नळकांड्यावर विसंबू नका.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही: महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार घरी दारू ठेवायला आणि प्यायलाही परवाना लागतो. सासऱ्यांच्या नावाचा आजीवन परवाना ऑनलाइन अर्ज करून निघतो. त्यांना आत्ताच काढायला सांगा, तुम्ही परत येईपर्यंत हातात असेल.