नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या बदकांचा फ्लू निफाडच्या कोंबड्यांना लागू शकतो, मग माणसाला सहज का लागत नाही?

कारण पक्ष्यांच्या फ्लूचा विषाणू पेशीवरच्या ज्या साखरेला चिकटतो, ती आपल्या नाकाघशात फार कमी असते. ही साखर म्हणजे सियालिक आम्ल. विषाणूच्या अंगावरचं हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन तिला पकडतं. ती पुढच्या साखरेला कशी जोडलेली आहे, यावर पकड ठरते. जोडणीचे दोन मुख्य प्रकार: बदकाच्या आतड्यात अल्फा-२,३ जोडणी असते, आपल्या वरच्या श्वासमार्गात मुख्यतः अल्फा-२,६. बदकात विषाणू आतड्यात वाढतो, विष्ठेतून पाण्यात उतरतो; तेच पाणी खुराड्यातल्या भांड्यात आलं की कोंबडीला लागण होऊ शकते. कोंबडीत आणि लाव्यात तर दोन्ही जोडण्या सापडतात, म्हणजे तिथे विषाणूला आपल्यासारख्या जोडणीची सवय होऊ शकते, म्हणून लावे पाळणाऱ्यांनी जास्त जपावं असं मला वाटतं. १९५७ आणि १९६८ च्या माणसांतल्या फ्लूच्या साथींच्या विषाणूंत हिमॅग्लुटिनिनमधली २२६ आणि २२८ या जागांवरची अमिनो आम्लं बदललेली होती, त्यामुळे पकड माणसाकडे वळली. मात्र नुसती पकड जुळून भागत नाही, पेशीत शिरल्यावर विषाणूला आपल्या नाकाच्या थंड तापमानात वाढताही यावं लागतं. आणि आपल्या खोल फुफ्फुसात अल्फा-२,३ जोडणी आहेच, तेव्हा मेलेली कोंबडी उघड्या हातांनी उचलू नका.