एक लॉट, दोन साहेब

प्रश्न: डिप्लोमा मेकॅनिकल करून चाकणच्या कारखान्यात क्वालिटीत ट्रेनी आहे. आमचे साहेब लॉट, म्हणजे एका खेपेचे पार्ट, होल्ड करायला (रोखून ठेवायला) सांगतात, प्रॉडक्शनचे साहेब तोच सोडायला. बोलणी मलाच बसतात. काहीच कळेनासं झालंय. राजीनामा देऊ का?

उत्तर: इतक्यात नको. आधी शेवटच्या होल्डची गोष्ट लिहून काढ. एकच लॉट घे आणि पानाचे दोन रकाने कर. डावीकडे वेळेसकट फक्त पाहिलेलं-ऐकलेलं: ‘१०.४०, पाचपैकी दोन पार्टचा बोअर (आतलं भोक) मोठा, लाल टॅग लावला. ११.१५, प्रॉडक्शनचे सुपरवायझर म्हणाले, गाडी उभी आहे.’ उजवीकडे तुझा अंदाज: ‘त्यांना क्वालिटीची पर्वा नाही.’ घोळ होतो तो इथेच. उजवीकडचं वाक्य नकळत डावीकडे सरकतं, गोष्टीला खलनायक मिळतो आणि पुढचं काही दिसेनासं होतं.

आता तीच सकाळ सुपरवायझरच्या तोंडून, ‘मी’ म्हणून लिही. त्यांचा हिशेब शिफ्टच्या आकड्यावर आणि गाडीच्या वेळेवर होतो. मग तुझ्या साहेबांच्या तोंडून लिही. ग्राहकाची तक्रार आली की उत्तर त्यांना द्यावं लागतं. तिन्ही पानं शेजारी ठेवलीस की बहुधा एक रिकामी जागा दिसेल: होल्ड झालेला लॉट सोडायचा असेल, तर डेव्हिएशनवर, म्हणजे मापात न बसणारा माल सोडायच्या परवानगीवर, सही कोणाची? तुझ्या गोंधळाचं मूळ माणसांच्या स्वभावापेक्षा तिथे असण्याची शक्यता जास्त.

गोष्ट सांगितली नाही तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या मॉन्टानाचं आहे. ५ ऑगस्ट १९४९ ला वणवा अंगावर येत असताना आग विझवणाऱ्या तुकडीचा फोरमन वॅग्नर डॉजने पुढचं गवत स्वतःच पेटवलं आणि जळलेल्या जागेत या म्हणून हाका मारल्या. तो वाचला. पण तो हे का करतोय ते कोणालाच उमगलं नाही, कोणी आलं नाही. तुकडीतले आणि सोबतचे मिळून १३ जण मृत्युमुखी पडले. संघटनांचे अभ्यासक कार्ल वाइक यांनी या घटनेवर लिहिलं आहे. वरच्याने खालच्याला सूचना देण्याची त्यांची पाच वाक्यांची रीत तू खालून वरही वापर. शिफ्ट सुरू व्हायच्या आत साहेबांकडे जा, उभ्याउभ्या दोन मिनिटांत सांग: मला परिस्थिती अशी दिसते; मी असं करावं म्हणतो; कारण हे; लक्ष यावर ठेवावं लागेल; माझं काय चुकतंय, सांगा. शेवटचं वाक्य गाळू नकोस, नाहीतर ती कागाळी वाटते.

मात्र न मोजलेलं माप तपासणी अहवालात भरायला सांगितलं, तर तो गोंधळ नव्हे. तिथे सही करू नकोस, लेखी कळव आणि मग खुशाल दुसरी नोकरी शोध.